अशोक नेमका कोणता? सजीवांच्या दोन शब्दी नावांचा व्यवहार

पावसाळ्याच्या आगेमागे वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. सह्याद्रीत नवी पाल सापडली, घाटात नवा खेकडा सापडला, सड्यावर नवं फूल सापडलं. बातमीत एक जीभ अडखळवणारं नाव असतं आणि बऱ्याचदा ते चुकीचं छापलेलं असतं. २०२० साली आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला एक छोटा मासा असाच प्रसिद्धीला आला: 'शिस्तुरा हिरण्यकेशी'. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा त्या पाण्यात आधीपासून होताच. २०२० साली घडलं ते इतकंच, की त्याला वेगळी जाती म्हणून नाव मिळालं. आणि नाव मिळाल्यावर त्याच्या रक्षणासाठी सरकारी कागद हलू शकले.

हे नाव कोण देतं, मंजूर कोण करतं, त्यात दोनच शब्द का असतात आणि एकदा दिलेलं नाव पुन्हा बदलतात कशाला?

## एक नाव, दोन झाडं

सोसायटीच्या कुंपणालगत ओळीनं लावलेला उंच, निमुळता, लांब लहरदार पानांचा 'अशोक' हा आयुर्वेदातला अशोक नाही. आयुर्वेदातला तो सीता अशोक. हे झाड डेरेदार असतं आणि त्याच्या खोडाफांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. दोघांचं आपसात नातंही नाही. सीता अशोक चिंच-गुलमोहराच्या, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुळातला आणि कुंपणावरचा अशोक सीताफळाच्या कुळातला. औषधाला साल लागते ती पहिल्याची, आणि बाजारात तिच्यात दुसऱ्याच्या सालीची भेसळ होते. पावतीवर नुसतं 'अशोक साल' लिहिलं असेल तर विकणाऱ्यानं खोटं काय लिहिलं, असा प्रश्न पडतो. खोटं काहीच नाही; दोन्ही अशोकच. 'साराका असोका' असं लिहून घेतलं असेल तर मात्र कुंपणावरच्या 'मोनून लाँगिफोलियम'ची साल देणारा अडकतो.

ब्राह्मीचंही तेच. पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची 'बाकोपा मोनिएरी' ही ब्राह्मी, आणि गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची 'सेंटेला एशियाटिका', म्हणजे मंडूकपर्णी, हीदेखील अनेक ठिकाणी ब्राह्मीच. दसऱ्याला आपट्याच्या नावावर कांचनाची पानं वाटली जातात ती गोष्ट तर दरवर्षीची. आपटा म्हणजे 'बौहिनिया रेसिमोसा', कांचन म्हणजे 'बौहिनिया व्हेरिगाटा' किंवा 'बौहिनिया पर्प्युरिया'. इथे निदान दोघं भाऊबंद तरी आहेत. (बौहिनिया हे नाव बाउहिन आडनावाच्या दोन वनस्पतितज्ज्ञ भावांवरून पडलं. या झाडांचं पान मध्ये खाच पडून जुळ्यासारखं दिसतं, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.)

उलटी अडचणही तितकीच मोठी. आपल्या पळसाला कुठे ढाक म्हणतात, कुठे खाखरा, कुठे मोदुगा, कुठे मुत्तुग. एका राज्यातला अभ्यास दुसऱ्या राज्यात वाचताना हे सगळं 'ब्युटिया मोनोस्पर्मा' आहे हे कळल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

## दोन शब्द, दोन कामं

शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव नंतर असतं, तशी ही रचना आहे. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे जवळच्या नातेवाइकांच्या गटाचा. दुसरा शब्द त्या गटातली नेमकी जाती सांगतो. 'मँजिफेरा इंडिका' म्हणजे मँजिफेरा वंशातली इंडिका ही जाती, म्हणजेच आपला आंबा. मराठी बातम्यांत जातीलाच 'प्रजाती' म्हणतात, तर शालेय पुस्तकांत तोच शब्द वंशासाठी येतो. म्हणून या लेखात वंश आणि जाती हे दोनच शब्द वापरले आहेत.

दुसरा शब्द एकटा वापरता येत नाही. आंबा 'मँजिफेरा इंडिका', कोकम 'गार्सिनिया इंडिका', चिंच 'टॅमरिंडस इंडिका', कडुलिंब 'अझाडिरॅक्टा इंडिका' आणि आपलं राज्यप्राणी शेकरू 'रॅटुफा इंडिका'. नुसतं 'इंडिका' म्हटलं तर काहीच कळत नाही. एका वंशात मात्र तोच शब्द दोनदा चालत नाही, आणि हा नियम पुढे एका दुर्मीळ फुलाला भोवतो.

दुसरा शब्द विशेषण असेल तर लॅटिन व्याकरणाप्रमाणे तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे फिरतो. म्हणून आंबा 'इंडिका', गिधाड 'जिप्स इंडिकस' आणि तीळ 'सेसॅमम इंडिकम'. तो शब्द नाम असेल तर फिरत नाही. 'हिरण्यकेशी' हे नदीचं नाव आहे, ते उद्या मासा दुसऱ्या वंशात गेला तरी तसंच राहील.

ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं रूढ केली. त्याआधी नाव म्हणजे वर्णनच असे. टोमॅटोचं नाव होतं 'सोलॅनम कॉले इनर्मी हर्बेसिओ, फोलिइस पिनॅटिस इन्सिसिस', म्हणजे 'काटे नसलेल्या मऊ खोडाचं, पिसासारख्या कातरलेल्या पानांचं सोलॅनम'. नवी भाऊबंद जाती सापडली की वेगळेपणा दाखवायला आणखी दोन शब्द जोडायचे. लिनिअसनं या लांब नावांच्या शेजारी एकशब्दी खूण लिहायला सुरुवात केली आणि ती सरसकट सगळ्या जातींना लावली. त्याचं खरं योगदान इथे आहे: नावानं वर्णन करायची जबाबदारी सोडून दिली. वर्णन पुस्तकात राहील, नाव फक्त कोणाबद्दल बोलतोय ते दाखवेल. वनस्पतींच्या नावांची सुरुवात त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून आणि प्राण्यांच्या नावांची १७५८ च्या ग्रंथापासून धरतात (कोळ्यांचा एक छोटा अपवाद सोडून). त्याआधीची नावं कितीही सुंदर असली तरी मोजली जात नाहीत.

लिहिताना रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसरा शब्द कायम लहान अक्षरात, मग तो व्यक्तीवरून आलेला असो की गावावरून, आणि दोन्ही तिरप्या टाइपात. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे मराठी मजकुरात हे दिसत नाही. उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही, पण शोध घ्यायचा तर रोमन स्पेलिंगच लागतं. बातमीदारांनी ते एकदा तरी सोबत छापावं.

## मागे लागणारं शेपूट

नावामागे बऱ्याचदा माणसाचं नाव आणि साल येतं. कोयना परिसरातल्या एका भेकाचं पूर्ण नाव असं: झँथोफ्रिनी कोयनायेन्सिस (सोमण, १९६३). अर्थ असा की सोमण यांनी १९६३ साली या भेकाचं पहिलं वर्णन छापलं. 'एन्सिस' हे शेपूट ठिकाण दाखवतं, म्हणजे कोयनेचा. आणि कंस? कंस शोभेला नाही. सोमणांनी नाव दिलं तेव्हा ते 'बुफो कोयनायेन्सिस' होतं. २००९ साली या भेकासाठी आणि आंबोलीच्या त्याच्या भावंडासाठी 'झँथोफ्रिनी' हा नवा वंश केला गेला. वंश बदलला की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. कंस नसेल तर समजावं की नाव जन्मल्यापासून त्याच वंशात आहे. मोर 'पॅव्हो क्रिस्टेटस लिनिअस, १७५८' हा तसा.

वनस्पतींत साल बहुधा लिहीत नाहीत, पण हलवणाऱ्याचंही श्रेय देतात. राज्यपुष्प तामण म्हणजे 'लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा (एल.) पर्स.' यातला 'एल.' म्हणजे लिनिअस, ज्यानं ही जाती आधी 'मुंचाउसिया' वंशात घातली होती, आणि 'पर्स.' म्हणजे पर्सून, ज्यानं ती आताच्या वंशात आणली.

## नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं

इथे बहुतेकांची गल्लत होते. नाव हे व्याख्येला दिलेलं नसतं. 'अमुक रंगाचा, तमुक लांबीचा' अशा वर्णनाला ते चिकटवलं, तर वर्णनात न बसणारा पहिलाच प्राणी भेटल्यावर घोळ सुरू होईल. म्हणून नाव एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधतात. बरणीतला मासा, टाचणीला लावलेला कीटक, कागदावर चिकटवलेली सुकी फांदी: हा नामधारक नमुना. मूळ शोधनिबंधात असा एकच नमुना निवडून दिला असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात. बाकी जगातला कुठलाही प्राणी त्या जातीचा आहे की नाही हे शास्त्रज्ञाचं मत. नामधारक नमुना मात्र त्या नावाचाच, मग तो रोगट असो की पिल्लू असो.

आपल्या हत्तीच्या बाबतीत हा नियम जवळजवळ अंगाशी आला होता. लिनिअसनं १७५८ साली 'एलिफस मॅक्सिमस' हे नाव दिलं. त्याच्यासमोर एक हत्तीचा गर्भ होता, अल्कोहोलमध्ये ठेवलेला, जो आज स्टॉकहोमच्या निसर्ग संग्रहालयात आहे. गर्भाकडे पाहून आशियाई की आफ्रिकी हे ठरवणं अवघड. नंतरच्या संशोधकांनी त्याचे प्राचीन डीएनए आणि प्रथिनं तपासली तर तो आफ्रिकी निघाला. नियमाचा धागा सरळ ओढला असता तर आशियाई हत्तीचं नाव आफ्रिकेच्या हत्तीकडे गेलं असतं. सुटका झाली ती अशी: लिनिअसनं आपल्या नोंदीत जॉन रे या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं वर्णिलेल्या हत्तीचाही हवाला दिला होता. त्या हत्तीचा सांगाडा इटलीत फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात सापडला आणि तो आशियाई ठरला. मूळ नमुने एकापेक्षा जास्त असतील तर त्यातून एक निवडायची मुभा असते. फ्लॉरेन्सचा सांगाडा निवडला गेला आणि नाव जागेवर राहिलं.

माणसाचं काय, असा प्रश्न कोणीतरी विचारतंच. १९५९ साली वनस्पतितज्ज्ञ स्टर्न यांनी लिहिलं की 'होमो सेपियन्स'चा नामधारक नमुना खुद्द लिनिअस मानावा. तो उप्साला इथल्या चर्चमध्ये पुरलेला आहे.

## नवं नाव लागतं कसं

मंजुरी देणारं कार्यालय कुठेही नाही. प्राण्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, वनस्पती, बुरशी आणि शेवाळांसाठी जागतिक वनस्पतिशास्त्र परिषद आहे, जीवाणूंसाठी वेगळे नियम आहेत. पण ही मंडळी नियम करतात आणि भांडणं सोडवतात. नावावर शिक्का मारत नाहीत. नियम पाळून छापलं की नाव लागू.

एखाद्या पालीच्या बाबतीत काम असं चालतं. वनखात्याच्या परवानगीनं मोजके नमुने गोळा करायचे. जिवंतपणीचे रंग आधी टिपायचे, कारण द्रवात गेल्यावर रंग उडतो. डीएनएसाठी ऊतीचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा. मग नमुना फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हा क्रम उलटला, म्हणजे आधी फॉर्मॅलिन आणि मग ऊती, तर डीएनए खराब होतो आणि पुढची तुलना लंगडी पडते. त्यानंतर खरी मेहनत: ओठांवरचे, पाठीवरचे खवले मोजणं, मांडीवरची छिद्रं मोजणं, बोटांखालच्या पट्ट्या मोजणं, आणि त्या वंशातल्या प्रत्येक ज्ञात जातीशी ताडून पाहणं. जुने नामधारक नमुने लंडनला असतील तर तिथपर्यंत जावं लागतं किंवा तिथून मोजमापं मागवावी लागतात.

वनस्पतीची फांदी फुला-फळांसकट दाबून, वाळवून सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात. ठिकाण, तारीख, उंची आणि गोळा करणाऱ्याचं नाव कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर. फुलाचा रंग आणि वास चिठ्ठीत लिहायचा राहिला तर तो कायमचा गेला.

निबंधात 'नवी जाती' असा स्पष्ट उल्लेख, वेगळेपण सांगणारं वर्णन, नामधारक नमुन्याचा क्रमांक आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे द्यावं लागतं. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी), पुण्यातली प्राणी आणि वनस्पती सर्वेक्षण खात्यांची केंद्रं, आघारकर संशोधन संस्था ही आपल्याकडची ठिकाणं. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नवी जाती शोधणाऱ्यानं तशी माहिती देऊन नमुना ठरवून दिलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. निबंध फक्त ऑनलाइन छापला असेल तर प्राण्यांसाठी 'झूबँक' या नोंदवहीत आधी नोंद हवी. ती नसेल तर नाव नियमानं अस्तित्वातच येत नाही. वनस्पतींचं वर्णन २०११ संपेपर्यंत लॅटिनमध्येच लिहावं लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालतं.

चुका ठरलेल्या आहेत. कोणीतरी उत्साहात निबंधाआधीच नाव बातमीत फोडतं. वर्णनाशिवाय आलेलं असं नाव 'नागडं नाव' म्हणून बाजूला पडतं. कोणी पिल्लालाच वेगळी जाती समजतं. कोणी ठेवलेलं नाव त्याच वंशात आधीच वापरलेलं निघतं. आणि लॅटिन लिंग चुकणं तर इतकं नित्याचं आहे की ते दुरुस्त करायचा वेगळा नियमच आहे.

## पण मग नावं बदलतात का?

वाचकांची ही सगळ्यात रास्त तक्रार. जगभर एकच स्थिर नाव असावं म्हणून पद्धत काढली आणि तीच पाठ केलेली नावं बदलते.

बदलामागे एक कारण म्हणजे आधी चुकलेली ओळख. सीता अशोकाचं नाव जुन्या औषधी पुस्तकांत 'साराका इंडिका' असं आढळतं. लिनिअसनं ते नाव दिलं होतं आग्नेय आशियातल्या झाडाला. आपलं झाड वेगळं आहे. रॉक्सबर्गनं ते 'जोनेसिया असोका' म्हणून वर्णिलं होतं आणि १९६८ मध्ये त्याचं 'साराका असोका' झालं. म्हणजे नावात 'इंडिका' आहे ते झाड आपलं नव्हे. नाव खोटं वाटलं म्हणून बदलता येत नाही. ते ज्या नमुन्याला बांधलं आहे त्याचंच राहतं.

दुसरं कारण नात्याबद्दलचं मत. टोमॅटो लिनिअसनं वांगी-बटाट्याच्या 'सोलॅनम' वंशात ठेवला. पुढे मिलरनं तो 'लायकोपर्सिकॉन' या वेगळ्या वंशात नेला, आणि शेतकी पुस्तकांत दीर्घकाळ तेच राहिलं. डीएनएनं दाखवलं की टोमॅटो बटाट्याचा जवळचा भाऊ आहे आणि तो 'सोलॅनम लायकोपर्सिकम' म्हणून मूळ घरी परतला. वंश बदलणं म्हणजे नात्याची नवी माहिती. त्या अर्थानं बदललेलं नाव ही एक बातमीच असते. बटाट्यावरच्या करप्यावर काम करणाऱ्यानं टोमॅटोकडे का बघावं, ते आता नावातच दिसतं.

शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही दुर्मीळ वनस्पती नात्याबद्दलचं मत आणि 'एका वंशात तोच शब्द दोनदा नाही' हा नियम, या दोन्हींच्या कचाट्यात सापडली. डाल्झेलनं तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' नाव दिलं. पुढे तिला वेगळा वंश कशाला, असं म्हणून १९५८ मध्ये 'कॅरलुमा' वंशात घातलं. पण 'कॅरलुमा इंडिका' आधीच दुसरी वनस्पती होती! म्हणून दुसरा शब्द नवा करावा लागला: 'कॅरलुमा फ्रेरेई'. त्यानंतर कोणी तिला 'बुसेरोसिया'त नेलं, कोणी थेट कंदीलपुष्पाच्या 'सेरोपेजिया' वंशात. आज वेगवेगळ्या ग्रंथांत ती वेगवेगळ्या नावांनी भेटते. हा नियमांचा दोष नाही. तिचे नातेवाईक किती जवळचे मानायचे यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि वंश कुठे थांबतो हे ठरवणारी मोजपट्टी निसर्गात नसते.

## बाभळीचं नाव गेलं कुठे

नावांच्या राजकारणाची सगळ्यात गाजलेली गोष्ट आपल्या बांधावरच्या बाभळीची आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

शाळेत बाभूळ म्हणजे 'अकेशिया निलोटिका', खैर म्हणजे 'अकेशिया कॅटेचू'. 'अकेशिया' हा वंश प्रचंड होता, तेराशेहून अधिक जातींचा, आणि त्यातल्या हजाराच्या आसपास एकट्या ऑस्ट्रेलियातल्या. डीएनए अभ्यासातून स्पष्ट झालं की हा एक गट नाहीच, तो फोडावा लागणार. फोडल्यावर 'अकेशिया' नाव कोणाकडे? जातीचं नाव जसं एका नमुन्याला बांधतात, तसं वंशाचं नाव एका जातीला बांधलेलं असतं. नियम सांगतो, ज्या गटात वंशाची ही नामधारक जाती आहे त्याच्याकडे. ती जाती होती आपली बाभूळ. म्हणजे बाभळीच्या गटातल्या दीडशेच्या आसपास जाती 'अकेशिया' राहणार आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारभर झाडांची नावं बदलणार.

ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी प्रस्ताव मांडला: नामधारक जातीच बदलावी, म्हणजे कमीत कमी झाडांची नावं बदलतील. अपवाद म्हणून असं नाव राखून ठेवायची सोय नियमांत आहे. संबंधित समितीनं प्रस्ताव उचलून धरला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मतदान झालं तेव्हा ५४.९ टक्के मतं प्रस्तावाविरुद्ध पडली. पण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के लागत होती. त्यामुळे बहुमत विरोधात असूनही प्रस्ताव मंजूर ठरला. आफ्रिकेतून आणि इतर देशांतून बराच आरडाओरडा झाला, आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तोच निर्णय कायम राहिला.

परिणाम असा की बाभूळ आता 'व्हॅचेलिया निलोटिका', हिवर 'व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया' आणि खैर 'सेनेगालिया कॅटेचू'. आणि कोकण-गोव्यात रस्त्याकडेला लावलेली परदेशी ऑस्ट्रेलियन बाभूळ? ती मजेत 'अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस'च आहे. व्यवहार म्हणून निर्णय कदाचित शहाणपणाचा होता. पण ज्या पद्धतीनं झाला ती कोणालाही पटावी अशी नव्हती.

## लॅटिनच का, आपली नावं का नकोत?

लॅटिन ही आज कोणाचीच मातृभाषा नाही, म्हणून कुठल्या देशाला झुकतं माप मिळत नाही, हे नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं आहे, कारण रोमन लिपी आणि युरोपचा इतिहास त्यासोबत आलाच. पण नियम एवढंच मागतो की शब्द रोमन अक्षरांत असावा; तो मूळ कुठल्याही भाषेतला चालतो. आणि आपल्याकडचे शब्द तिथे भरपूर आहेत. नागाचं 'नाजा नाजा', सीता अशोकाचं 'असोका', बेहड्याचं 'टर्मिनालिया बेलिरिका', आवळ्याचं 'एंब्लिका'. बांगड्याच्या 'रॅस्ट्रेलिगर कानागुर्ता'तलं कानागुर्ता तेलुगू किनाऱ्यावरचं.

हे काही उपकार म्हणून घडलेलं नाही. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी व्हॅन रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला, 'होर्टस मलबारिकस', १६७८ ते १६९३. त्यात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचं ज्ञान होतं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांचंही. या तिघांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. लिनिअस कधी भारतात आला नाही. आपल्या कित्येक झाडांना नाव देताना त्यानं याच ग्रंथाचा आधार घेतला.

प्राण्यांत दोन्ही शब्द सारखे चालतात ('नाजा नाजा', चितळाचं 'ॲक्सिस ॲक्सिस'), वनस्पतींत चालत नाहीत. दोन्हींचे नियम वेगळे असल्यामुळे वड-पिंपळाच्या 'फायकस' या वंशनावाची एक समुद्री गोगलगायही आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही.

## कोणाचंही नाव देता येतं का?

येतं. ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून 'आयसियस तुकारामी' नाव दिलं गेलं. पुरुषाचं असेल तर शेवटी 'आय', स्त्रीचं असेल तर 'एई' लागतो. स्वतःचंच नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण तसं करणाऱ्याला सहकारी हसतात आणि ते हसणं नियमापेक्षा परिणामकारक ठरलं आहे.

नको असलेल्या नावांचं काय, हा ताजा वाद आहे. स्लोव्हेनियातल्या एका आंधळ्या भुंग्याचं नाव 'ॲनॉफ्थॅल्मस हिटलेरी' आहे आणि १९३७ पासून ते तसंच आहे. प्राण्यांचा आयोग अशा कारणानं नावं बदलायला तयार नाही. वनस्पतीवाल्यांनी २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत वेगळी वाट धरली. आफ्रिकी लोकांसाठी शिवी असलेल्या शब्दावरून आलेली 'काफ्रा' प्रकारची दोनशेहून जास्त नावं 'अफ्रा' अशी केली गेली. आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकी भाऊ 'एरिथ्रिना काफ्रा' आता 'एरिथ्रिना अफ्रा' आहे.

## रोजच्या वापरात

च्यवनप्राशाच्या डब्यावर आवळ्यापुढे 'एंब्लिका ऑफिसिनॅलिस' दिसेल आणि नव्या पुस्तकात 'फायलँथस एंब्लिका'. दोन्ही एकच. जुनी, आता न वापरली जाणारी नावं समानार्थी म्हणून नोंदलेली असतात, त्यामुळे कुठल्याही नावानं शोधलं तरी आजच्या नावापर्यंत पोचता येतं. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू गार्डनची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन', सापपालींसाठी 'रेप्टाइल डेटाबेस', माशांसाठी 'फिशबेस' आणि सगळ्यांसाठी 'कॅटलॉग ऑफ लाइफ' या याद्या फुकट बघता येतात. दोन याद्यांत वेगळी नावं दिसली तर घाबरू नये. माकुडीसारखा मतभेद असतो.

नर्सरीतून औषधी रोप घेताना दोन्ही शब्द लिहून मागावेत आणि बिलावर तेच उतरवून घ्यावेत. नावामागे 'एसपी.' असेल तर वंश कळलाय, जाती कळलेली नाही. 'एसपीपी.' म्हणजे त्या वंशातल्या अनेक जाती एकत्र. 'सीएफ.' म्हणजे 'याच्यासारखं दिसतंय, खात्री नाही'. औषधाच्या लेबलवर यातलं काही दिसलं तर विचारायचा हक्क आहे. हापूस, पायरी, केसर ही मात्र जातींची नावं नव्हेत. ती एकाच 'मँजिफेरा इंडिका'ची लागवडीची वाणं, आणि शास्त्रीय लिखाणात ती नावामागे एकेरी अवतरणचिन्हांत येतात.

कायद्यात घोटाळा होऊ शकतो तो नाव बदलण्याच्या वेगामुळे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत जाती शास्त्रीय नावांनी दिलेल्या आहेत. यादी छापल्यावर एखादी जाती दोनांत फुटली, तर नव्यानं वेगळी झालेली जाती यादीत आहे की नाही, असा प्रश्न उभा राहतो. घोणसीचं तसंच झालं: आधी एकच जाती मानत, २००७ मध्ये भारत-श्रीलंकेकडची 'डॅबोइया रसेलिआय' आणि आग्नेय आशियाकडची 'डॅबोइया सायामेन्सिस' अशा दोन झाल्या. म्हणून पंचनाम्यात किंवा तक्रारीत शास्त्रीय नाव लिहिताना शेजारी मराठी नाव, ठिकाण आणि फोटोचा क्रमांकही लिहावा. उद्या नाव हललं तरी प्राणी कुठला होता हे फोटोवरून ठरवता येईल.